नातीच्या डॉक्टरांना ते सांगू का?

एका आजींचं पत्र (ओळख पटेल असे तपशील वगळून, थोडक्यात):

माझं वय ६१. घरात मुलगा, सून आणि साडेतीन महिन्यांची नात. सून बाळंतपणाहून परत आली तेव्हापासून नात संध्याकाळ झाली की किंचाळून रडायची. महिन्यापूर्वी सुनेला ताप होता, म्हणून ती आत झोपली होती आणि बाळ मुलाकडे होतं. रात्री दीड-दोनच्या सुमारास त्याच्या आवाजाने मी उठले. त्याने बाळाला दोन्ही काखांत धरलं होतं आणि ‘गप्प बस, गप्प बस’ म्हणत जोरजोरात हलवत होता. तिची मान मागेपुढे होत होती. मी ओरडले तसा तो थांबला. बाळ एकदम शांत झालं. ‘झोपली,’ म्हणाला. पहाटे तिला आकडी आली, ओठ निळे पडले. बरेच दिवस दवाखान्यात होती. सीटी स्कॅनमध्ये मेंदूभोवती रक्त साचलेलं दिसलं. बाळ पडलं होतं का, असं डॉक्टरांनी दोन-तीनदा विचारलं. आम्ही नाही म्हणालो. पडलं नव्हतंच. आता फिटचं औषध चालू आहे. उजवा हात डाव्याइतका हलवत नाही. नातेवाईक सुनेला बोलतात, हिनेच नीट धरलं नसेल म्हणतात. तिला बिचारीला काहीच माहीत नाही. मुलगा माझ्याशी नजर मिळवत नाही. तो वाईट नाही हो. सांगितलं तर पोलीस येतील, नोकरी जाईल, संसार मोडेल. आणि आता सांगून नातीला काय मिळणार? शिवाय नुसतं हलवल्याने एवढं होईल, हे मला अजून खरं वाटत नाही. आमच्या वेळी न्हाऊ घालणारी बाई बाळांना पाय धरून उलटं करायची, कुणाला काही झालं नाही. सांगू की नको?

ताई,

पत्र मिळाल्या दिवशी तुम्हाला जे तातडीने कळवलं, तेच इथे आधी लिहिते, कारण हे सदर वाचणाऱ्या आणखी कुणाच्या घरात आज हीच वेळ असू शकते. बाळाला पुन्हा आकडी आली, ते ओठाला लावूनही दूध ओढेना, जुलाब नसताना उलट्या करू लागलं, उठवूनही नीट जागं होईना, श्वास मध्येच थांबतोय असं वाटलं किंवा टाळू फुगून घट्ट लागली, तर उजाडायची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा आणि मोठ्या दवाखान्यात न्या. आणि तुमच्या नातीला उद्याच डॉक्टरांकडे घेऊन जा. पुढची तारीख कधीची आहे ते बघत बसू नका. उजवा हात कमी हलतो, ही एवढी एक गोष्टसुद्धा त्यासाठी पुरेशी आहे.

आता तुमचा प्रश्न. सांगा, ताई. मुलाबद्दलची तुमची भीती मला पूर्ण कळते, तरीही सांगा. का, ते सविस्तर लिहिते.

आधी ‘नुसतं हलवल्याने’ याबद्दल. तान्ह्या बाळाचं डोकं त्याच्या एकूण लांबीच्या जवळजवळ एक चतुर्थांश असतं. मोठ्या माणसात हे प्रमाण साधारण एक अष्टमांशावर येतं. एवढं जड डोकं पेलणारे मानेचे स्नायू अजून तयार झालेले नसतात. अडीच महिन्यांच्या बाळाला काखेत धरून जोराने हलवलं, की धड हातात राहतं आणि डोकं मागे-पुढे फेकलं जातं. आतला मेंदू मऊ, पाण्याचं प्रमाण जास्त असलेला. तो कवटीच्या वेगाने फिरत नाही, मागे रेंगाळतो. मेंदूवरून कवटीच्या आवरणापर्यंत जाणाऱ्या बारीक शिरा त्या ओढाताणीत तुटतात. सीटीत दिसलं ते रक्त तिथलं असू शकतं. डोळ्याच्या आत, पडद्यावरही असाच रक्तस्राव होऊ शकतो आणि तो बाहेरून अजिबात दिसत नाही. अंगावर एक ओरखडा नसतो, म्हणून घरातल्यांचा विश्वास बसत नाही.

मानेकडे मात्र फार कमी लोकांचं लक्ष जातं आणि तुमच्या नातीच्या बाबतीत मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बाळाच्या मणक्यांना जोडणारे बंध फार सैल असतात. नवजात अर्भकांच्या पाठीच्या कण्यावर झालेला १९६० सालचा एक जुना अभ्यास आहे. त्यात कणा दोन इंचांपर्यंत ताणला तरी तुटला नाही, पण आतला मज्जारज्जू पाव इंच ताणातच तुटला. म्हणजे हाडं जागच्या जागी, एक्स-रे अगदी स्वच्छ, आणि आत मज्जारज्जूला किंवा तिथून निघणाऱ्या नसांच्या मुळांना इजा, असं बाळांत होऊ शकतं. मानेच्या तिसऱ्या ते पाचव्या पातळीतून निघणारी नस श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा पडदा, हलवते. पाचव्या पातळीपासून खाली निघणाऱ्या नसा हाताला जातात. डोकं आणि मान जिथे जुळतात तिथे, मेंदूच्या देठात, श्वासाचं नियंत्रण असतं. ब्रिटनमधल्या जेनियन गेडेस या विकृतिशास्त्रज्ञ डॉक्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा इजांनी दगावलेल्या मुलांचे मेंदू तपासून २००१ साली निष्कर्ष मांडले. बहुतेक तान्ह्या बाळांच्या मेंदूत प्राणवायू कमी पडल्याचं नुकसान त्यांना मोठ्या प्रमाणावर दिसलं आणि काहींच्या मज्जारज्जूच्या वरच्या भागात व नसांच्या मुळांशी ताणाची इजा सापडली. मानेला हिसका बसून श्वास अडखळतो आणि मग मेंदू प्राणवायूवाचून होरपळतो, असा तो क्रम असू शकतो.

म्हणून त्या रात्री बाळ ‘एकदम शांत झालं’, हे तुमचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. रडून दमलेलं बाळ हळूहळू झोपतं. हुंदके देतं, मध्येच पुन्हा कुरकुरतं. हलवता हलवता क्षणात गप्प होणं ही बहुधा झोप नव्हती. हे तुम्हाला टोचायला लिहीत नाही. तो क्षण किती वाजताचा, किती वेळ हलवलं, बाळ ढिलं पडलं होतं का, श्वास कसा चालला होता आणि पहाटेपर्यंत ते मध्ये एकदा तरी दूध प्यायलं का, हे डॉक्टरांना कुठल्याही यंत्रातून कळणार नाही. ते फक्त तुम्ही आणि तुमचा मुलगा सांगू शकता.

न्हाऊ घालणाऱ्या बाईंचं. पाय धरून बाळाला उलटं करणं, हात धरून झुलवणं, हे मलाही पसंत नाही, आणि मान न धरलेल्या बाळाला तसं करू नये, असं मी प्रत्येक घरात सांगते. हात निखळतो, बाळ सटकून पडू शकतं. पण ते एक-दोनदा होतं आणि त्यात राग नसतो. संतापाच्या भरात मोठा माणूस सगळा जोर लावून पुन्हा पुन्हा हिसके देतो, त्याची जातच वेगळी. इतर वाचकांनी यातून भलतीच धास्ती घेऊ नये. पाळण्याचा झोका, मांडीवर घेऊन थोपटणं, खांद्यावर घेऊन येरझाऱ्या, खड्ड्यांतून गेलेली रिक्षा, यांनी ही इजा होत नाही.

आता ‘सांगून नातीला काय मिळणार?’ याचं उत्तर. पुष्कळ मिळेल. मेंदूभोवती रक्त दिसलं म्हणजे बाळाला कुणी हलवलंच, असा अर्थ होत नाही. आपल्याकडे जन्मल्यावर के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन राहून गेलेल्या, फक्त अंगावर पिणाऱ्या बाळांत पहिल्या दोन-तीन महिन्यांत मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. रक्त न गोठण्याचे आजार आहेत, काही दुर्मीळ चयापचयाचे दोष आहेत. तुमचे डॉक्टर आज कदाचित यांच्याच मागे असतील आणि सुई टोचून टोचून बाळाचं रक्त काढत असतील. नॉर्मन गुथकेल्च या ब्रिटिश न्यूरोसर्जननी १९७१ साली, हलवण्याने बाळाच्या मेंदूभोवती रक्तस्राव होऊ शकतो, हे प्रथम मांडलं. त्यांच्या एका रुग्णाच्या आईने, रात्री रडायचं तेव्हा आम्ही हलवलं असेल कदाचित, असं सांगितलं होतं. हेच गुथकेल्च पुढे अगदी उतारवयात बजावत राहिले, की नुसत्या खुणा बघून कुणावर ठपका ठेवू नका, बाकीची कारणं नीट तपासा. खुणा पुष्कळदा दोन्हीकडे बोट दाखवतात. अशा वेळी डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाचं सांगणं लाखमोलाचं असतं, आणि ते माणूस इथे तुम्ही आहात.

तुम्ही सांगितल्यावर डॉक्टर मेंदूबरोबर मानेचा आणि पाठीच्या कण्याचाही एमआरआय बघतील. बाहुल्या मोठ्या करून डोळ्यांचा पडदा तपासून घेतील. हातापायांच्या, बरगड्यांच्या हाडांत जुनी इजा नाही ना, हे एक्स-रेवर पाहतील. आणि उजव्या हाताचं कोडं सोडवायला घेतील. हात मेंदूच्या डाव्या बाजूच्या इजेमुळे कमी हलतो, की मानेतल्या नसांमुळे? दोन्हींची वाट वेगळी. नसांची इजा असेल तर ती आपोआप भरून येतेय का, हे पहिल्या काही महिन्यांतच लक्ष ठेवून ठरवावं लागतं आणि शस्त्रक्रियेचा विचार करायचा तर त्याचीही वेळ असते. ती वेळ निघून चालली आहे. एक गोष्ट सगळ्याच घरांनी लक्षात ठेवावी: वर्षाच्या आतलं बाळ एकाच हाताने वस्तू धरू लागलं, तर ‘आमचं बाळ डावखुरं’ म्हणून कौतुक करायचं नाही. दुसरा हात तपासून घ्यायचा.

दुसरी गोष्ट कठीण आहे. ही पहिलीच वेळ होती का? फ्रान्समध्ये २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बाळाला हलवल्याची कबुली दिलेल्या लोकांच्या जबाबांचा तो अभ्यास होता. निम्म्याहून जास्त प्रकरणांत हलवणं एकदाच झालेलं नव्हतं, पुन्हा पुन्हा झालं होतं, कारण हलवलं की बाळ गप्प व्हायचं. तुमच्या मुलाने आधी कधी असं केलं असेल असं मी म्हणत नाही. पण पुढे होऊ नये याची खात्री ‘तो वाईट नाही’ एवढ्यावर सोडता येत नाही. ताई, तो वाईट नसेलही. अशा घटनांतली पुष्कळ माणसं एरवी बाळावर जीव टाकणारीच असतात. झोपेचे हाल, कामाचा ताण, हातातलं रडणं थांबत नाही याची लाज आणि चीड, आणि मग काही सेकंद. तुमचं त्याच्यावरचं प्रेम आणि त्याने केलं ते फार गंभीर होतं, हे दोन्ही तुम्हाला एकाच वेळी धरून ठेवावं लागेल. अशा इजेत दवाखान्यापर्यंत पोचलेल्या बाळांपैकी जवळजवळ चारातलं एक वाचत नाही आणि वाचलेल्यांतल्या बहुतेकांना काही ना काही कायमचं राहतं. तुमची नात वाचली आहे.

तोवर घरात एक नियम: बाळ त्याच्याकडे एकटं सोडायचं नाही. दिवसाही नाही, पाच मिनिटंही नाही. आणि त्यालाही एकटं सोडू नका. नजर मिळवत नाही, असं तुम्ही लिहिलंत. अपराधाखाली दबलेली माणसं स्वतःच्या जिवाचं बरंवाईट करायला उठतात. टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर कुठल्याही वेळी बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

मग सून. पत्रातली ही गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली. आपल्या बाळाचं काय झालं हे माहीत नसलेली आई, तापाने झोपली एवढाच जिचा दोष, ती सगळ्यांचं ऐकून घेते आहे. तुम्ही गप्प राहिलात तर मुलगा वाचतो असं तुम्हाला वाटतं, पण त्याची किंमत रोज ती मोजते आहे. पुढचं काही ठरायच्या आधी, आज संध्याकाळी, नातेवाइकांपैकी जो कुणी बोलेल त्याला सगळ्यांसमोर सांगा: ‘हिची काही चूक नाही, हे मला पक्कं माहीत आहे. पुन्हा हा विषय काढायचा नाही.’ सासूने एवढं ठामपणे म्हटलं की आपल्या घरांत तोंडं बंद होतात.

मुलाशी बोलताना त्याच्या तोंडून कबुली काढायला जाऊ नका. बाळ दुसऱ्या खोलीत सुनेजवळ असताना साध्या शब्दांत सांगा: ‘त्या रात्री मी पाहिलंय. तिचा हात हलत नाही. उद्या मी डॉक्टरांना सगळं सांगणार आहे. तू बरोबर आलास आणि स्वतः सांगितलंस तर मला बरं वाटेल. नाही आलास तरी मी सांगणार.’ त्याने आधी बायकोला सांगावं, आणि तुम्ही तिच्या शेजारी बसावं. ती रडेल, ओरडेल, बाळ घेऊन माहेरी जाईन म्हणेल. जाऊ दे. बाळाचं औषध, कागद आणि डॉक्टरांचा फोन नंबर तिच्या हातात द्या. मुलगा अंगावर येईल, धमकी देईल अशी शंका असेल, तर त्याला आधी काही बोलू नका, थेट डॉक्टरांकडे जा. घरात भीती वाटली तर ११२, आणि महिलांसाठी १८१.

पोलिसांबद्दल तुम्हाला खोटा धीर देणार नाही. तुम्ही सांगितल्यावर डॉक्टर एमएलसी, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर नोंद करतील आणि पोलीस चौकशी होऊ शकते. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७५ खाली, सांभाळ करणाऱ्यानेच मुलाला इजा केली तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्या इजेने मूल अपंग झालं किंवा त्याच्या जिवाला धोका झाला, तर शिक्षा वाढते: तीन ते दहा वर्षं सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड. इतर कलमं लागतील की नाही, हे वकीलच सांगतील. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो, तुम्हालाही आणि सुनेलाही. बाल कल्याण समितीचं काम बाळाचं हित बघण्याचं. स्वतःहून आलेलं, उपचारात साथ देणारं कुटुंब आणि महिनोन्महिने लपवून नंतर उघडं पडलेलं कुटुंब यांच्याकडे कुणीही एका नजरेने बघत नाही, हे मात्र मी खात्रीने सांगू शकते. आणि डॉक्टर आज ना उद्या या निदानापर्यंत पोचण्याची शक्यता आहेच. तेव्हा प्रश्नांचा रोख कुणाकडे वळेल? बाळ दिवसभर जिच्याजवळ असतं तिच्याकडे.

नातीच्या पुढच्या वर्षांबद्दल. तान्हा मेंदू इजेतून वाट काढायचा प्रयत्न करतो, पण त्याला मदत लवकर मिळावी लागते. दर महिन्याला डोक्याचा घेर मोजून घ्या, तो भराभर वाढला तर आत पाणी किंवा रक्त साचत असू शकतं. नजर आणि कान तपासून घ्या. फिजिओथेरपी ‘थोडी मोठी झाल्यावर’ नाही, आत्ता. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ साली आपल्या पालघरमधून झाली. त्याखाली अनेक जिल्हा रुग्णालयांत शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. तिथे बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, वाचा-श्रवणतज्ज्ञ एका छताखाली मिळतात, तेही मोफत. काही गोष्टी तीन-चार वर्षांनी, शाळेत जाताना उघड होतात: लक्ष न टिकणं, बोलायला उशीर, रागावर ताबा नसणं. म्हणून चालायला लागली म्हणजे झालं, असं समजून तपासण्या सोडू नका.

ज्यांच्या घरी आत्ता दीड-दोन महिन्यांचं बाळ आहे, त्यांच्यासाठी. बाळाचं रडणं दुसऱ्या आठवड्यापासून वाढत जातं, सहाव्या ते आठव्या आठवड्यात कळस गाठतं आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून उतरतं. निरोगी बाळही त्या दिवसांत रोज दोन-तीन तास रडू शकतं, बहुधा तिन्हीसांजेनंतर, आणि काही केल्या थांबत नाही. दृष्ट लागलेली नसते, आईचं दूध कमी पडत असतंच असं नाही, आणि बाप निकामी असतो असंही नाही. न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात डॉ. मार्क डायस यांनी बाळंतिणीला घरी सोडण्याआधी आई-वडील दोघांनाही, बाळ रडत राहिलं तर काय करावं आणि त्याला हलवणं किती घातक आहे, हे समजावण्याचा कार्यक्रम राबवला. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या आकड्यांत या इजांचं प्रमाण तिथे ४७ टक्क्यांनी घटलेलं दिसलं. पुढे पेनसिल्व्हेनियात मोठ्या प्रमाणावर तेच केलं तेव्हा तशी घट दिसली नाही, तरी सांगावं असंच माझं मत आहे. आपल्याकडे लस, दूध, नाळ यांबद्दल सांगतात, आणि तेही बाईला. बापाला कुणी काही सांगत नाही, आणि रात्री दोन वाजता बाळ त्याच्या हातात असतं.

अशा वेळी बाळ भुकेलं, ओलं, तापलेलं नाही ना एवढं बघा. मग हात थरथरायला लागले, दात आवळले गेले, तर बाळाला पाठीवर, सपाट अंथरुणावर किंवा पाळण्यात ठेवा, आजूबाजूला उशी-दुलई नको, आणि खोलीबाहेर या. दहा मिनिटं रडू द्या. रडण्याने बाळाला इजा होत नाही. चेहऱ्यावर पाणी मारा, कुणाला तरी उठवा, शेजाऱ्याची बेल वाजवा. गप्प करायला कसल्या गोळ्या, अफूची गुटी, खोकल्याचं औषध, काही नको. घरातल्या मोठ्यांनीही ‘दोघं मिळून एक बाळ सांभाळता येत नाही?’ हे वाक्य त्या दोन महिन्यांत गिळून टाकावं.

ताई, उद्या निघताना डिस्चार्ज कार्ड, सीटीची फिल्म आणि सीडी, लसीकरणाचं कार्ड आणि जन्माच्या वेळचे कागद घ्या. के जीवनसत्त्व दिल्याची नोंद त्यांत असते. आज रात्री बाळ जागं आणि खुशीत असताना, अंगावरचं पांघरूण काढून दोन्ही हात दिसतील असा मिनिटभराचा व्हिडिओ मोबाईलवर काढून ठेवा. त्या रात्रीचं आठवेल तेवढं कागदावर क्रमाने लिहा, म्हणजे केबिनमध्ये रडू आलं तरी काही सुटणार नाही. दवाखान्यात स्वागतकक्षात काही सांगू नका. ‘डॉक्टरांशी बाळाच्या आजाराबद्दल खासगी बोलायचंय, वेळ लागेल’ एवढंच म्हणा. आत गेल्यावर पहिलं वाक्य हे असू द्या: ‘बाळ पडलं नव्हतं, पण तिला जोरात हलवलं गेलं होतं आणि मी ते पाहिलंय.’ आणि उठण्याआधी विचारा: मानेचा एमआरआय झालाय का, डोळ्यांचा पडदा तपासलाय का, आणि उजव्या हातासाठी कुणाला दाखवायचं. काय म्हणाले ते मला कळवा.